हापसा क्रमांक चार

रंग : नाही.
वास : नाही.
चव : गोड.
एवढं लिहून मी थांबते.
वहीतला पुढचा रकाना अजून कोरा.

दहा मिली पाणी, पुडीतली भुकटी,
बाटली हलवायची आणि घड्याळाकडे बघत
हापशाच्या ओट्यावर बसून राहायचं.
मागं घागरींची रांग.
मुद्रिकाबाई म्हणते,
"काय बघूलालीस गं एवढं? पाणीच हाय की."

पाणीच आहे.
मुरमातलं, काळ्या दगडाच्या फटींतून झिरपलेलं.
सातशे फुटांवर नुसता फुफाटा उडाला त्या वर्षी
ह्यानंच आख्खी आळी तगवली.
पाहुण्यांच्या चहाला इथलं, डाळ शिजवायला इथलं.
बाकीच्या बोअरचं मचूळ,
तोंडात धरवत नाही.

बाटली गुलाबी व्हायला लागते.
आधी भास वाटावा इतकी,
मग लग्नातल्या अक्षतांइतकी,
मग तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनाच्याही पुढं.
तक्ता शंभरावर संपतो.
पंचेचाळीसच्या वर पिऊ नये.
मी लिहिते : नायट्रेट, शंभरच्या वर.
पेन नीट चालत नाही, परत गिरवते.

दैवशालाचं लेकरू चाळीस दिवसांचं,
नाव ठेवायचं होतं अजून.
आधी ओठ निळे, मग नखं.
कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं काळजाला भोक.
लातूरला सुईत रक्त आलं
ते चहाच्या गाळासारखं तपकिरी.
दूध कुठलं? डब्याचं.
आणि पाणी?
मग निळ्याच औषधाचं इंजेक्शन देऊन
त्यांनी त्याचा निळेपणा उतरवला.

ती मला म्हणाली, ताई, मी उकळून पाजलं.
रोज. निम्मं आटेपर्यंत.

शाळेच्या भिंतीवर 'पाणी उकळून प्या'
ही अक्षरं माझी आहेत.
गेरूनं काढलेली,
'ळ'ला हौसेनं जरा जास्तच वळण दिलेलं.
उकळल्यानं जंतू मरतात. हे मरत नाही.
पाणी आटतं तसं हे दाट होत जातं.
पुस्तिकेत होतं, पान एकतीस.
माझं वाचन पंचवीसपर्यंत झालेलं.

कुठून आलं म्हणून विचारतात.
वरच्या अंगाला पिराजी चापोलेचा ऊस,
आभाळ आलं की तो युरियाची गोणी फोडतो.
उसाखाली गोठे, गोठ्यांखाली उकिरडा,
आणि उकिरड्याखाली ते बावीस शोषखड्डे
ज्यांच्यासमोर आम्ही फोटो काढले.
मी मधोमध आहे, हातात फलक,
हसू जरा जास्तच आलंय.

पिराजीला बाटली दाखवली.
त्यानं हापशाखाली ओंजळ धरली,
पोटभर प्याला, मिशा पुसल्या.
"सत्तरी गाठली मी ह्याच पाण्यावर.
मला काय झालं?"
काही नाही झालं, काका.
तुमचं रक्त जुनं आहे.
हे मनात. तोंडानं मी फक्त
बाटलीचं झाकण लावलं.

पंचायतीनं पाव डबा लाल रंग दिला.
दांडा रंगवला, तोटी रंगवली,
ओट्यापर्यंत येता येता डबा संपला.
सकाळी दांड्यावरचा रंग
मुद्रिकाबाईच्या तळव्यांवर सापडला.
"भांड्यापुरतं नेलं बाई," ती म्हणाली.
हंडा मात्र पिण्याचा होता, वर फडकं बांधलेला.
टँकर तीन दिवसांनी येतो,
तेही सोमवार धरला तर.

सांडपाण्याच्या चरावर
कुणी न पेरता धने उगवलेत.
खत नाही, खुरपणी नाही,
तरी पानं काळपट हिरवी, नजर ठरत नाही.
तिनं एक जुडी उपटली
आणि नको नको म्हणेपर्यंत
माझ्या पिशवीत कोंबली, तपासणीच्या डब्याशेजारी.

घरी येऊन ती मी कट्ट्यावर ठेवली.
चिरली नाही. टाकलीही नाही.
रात्रीचे दहा वाजलेत,
घरभर वास.